फिल्म पुरे म्हणणाऱ्यांना

‘पेशंटला रिपोर्ट दिला, फिल्म दिली, विषय संपला. नेटवर स्कॅन उघडून तीन मितींत फिरवत बसायची चैन मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांनी करावी. शिर्डी-राहात्याच्या माणसाला त्याचे काय करायचे आहे?’

हा युक्तिवाद स्कॅन सेंटर चालवणारे करतात, रुग्णालयांच्या खरेदी समित्यांवर बसणारे करतात. नवल म्हणजे, ज्यांचा अर्धा दिवस दुसऱ्याने काढलेली फिल्म उजेडाकडे धरून डोळे बारीक करण्यात जातो असे सर्जनही करतात. त्यात गरिबाची बाजू घेतल्याचा सूर असतो, म्हणून तो सहसा कोणी खोडत नाही. तो खोडायला हवा. ज्या माणसाच्या नावाने तो केला जातो त्याचेच त्याने सर्वांत जास्त नुकसान होते, आणि हे शिर्डीइतके उघड दिसणारे ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

आधी गावाचे बोलू. साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला देह ठेवला. त्यानंतरची या गावाची सगळी घडण बाहेरून येणाऱ्या माणसाभोवती झाली आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात काकडीला विमानतळ सुरू झाला. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला. साईबाबा संस्थानचे साईनाथ रुग्णालय आणि साईबाबा सुपर स्पेशालिटी रुग्णालय यांच्या दारातही हाच ओघ आहे. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून माणसे हृदयाच्या आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी इथे येतात, टाके निघाले की परत जातात. सहा महिन्यांनी त्रास झाला तर त्यांना बघणारा डॉक्टर शिर्डीचा नसतो. तो असतो परभणीचा किंवा चाळीसगावचा. उलटही घडते. हैदराबादहून किंवा सुरतेहून दर्शनाला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला रांगेत चक्कर येते, बोलणे अडखळते, इथे तातडीने स्कॅन निघतो. त्याचा जुना स्कॅन मात्र त्याच्या गावी कपाटावर पाकिटात असतो. नव्याची जुन्याशी तुलना करायची तर जुना हवा. तो मिळत नाही, म्हणून पुन्हा सगळ्या तपासण्या, पुन्हा किरणांचा मारा, पुन्हा पैसे. ज्या गावाचा रुग्णच मुळात फिरता आहे, तिथे स्कॅन एका जागी बसवून ठेवायचा आणि वर हे साधेपणाचे धोरण आहे असे म्हणायचे, हे मला समजत नाही.

आता मुख्य दाव्याकडे येऊ: ‘जे बघायचे ते सगळे फिल्मवर असतेच.’

नसते. १९७१ साली लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात, गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने बनवलेल्या यंत्रात पहिल्या रुग्णाचे डोके तपासले गेले. तेव्हापासून सीटी स्कॅन म्हणजे मुळात आकड्यांचा साठा आहे. चित्र त्या आकड्यांवरून नंतर काढले जाते. शरीराच्या प्रत्येक बारीक घनाला एक आकडा मिळतो, त्याला हाउन्सफील्डचेच नाव आहे. पाणी शून्य, हवा उणे हजार, मेंदूचा करडा भाग पस्तीस-चाळीस, ताजे गोठलेले रक्त साधारण पन्नास ते सत्तर, घट्ट हाड हजाराच्या आसपास. एकूण पल्ला चार हजारांचा. करड्या रंगाच्या चार हजार छटा कोणाच्याही डोळ्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून बघणारा त्यातला छोटा पट्टा निवडतो आणि तेवढाच काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ताणून बघतो. रेडिओलॉजीत याला विंडो म्हणतात. मेंदूसाठी नेहमीचा पट्टा शून्य ते ऐंशी; ऐंशीच्या वरचे सगळे एकसारखे पांढरे. संगणकावर माउस ओढला की विंडो बदलते. फिल्म छापताना टेक्निशियन एक विंडो निवडतो, फार तर दोन, आणि बाकीची सगळी माहिती तिथेच गळून पडते.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो ते नगर-मनमाड रस्त्यावर दुचाकीवरून पडलेल्या कोणत्याही माणसाचे उदाहरण घेऊन बघा. कवटीच्या आतल्या बाजूला चिकटून रक्ताचा पातळ थर जमलेला असतो. शून्य ते ऐंशीच्या पट्ट्यात साठ-सत्तरचे रक्त जवळजवळ पांढरे दिसते, शेजारचे हाड पूर्ण पांढरे, दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. विंडो थोडी रुंद केली की रक्त करडे होते आणि हाडापासून सुटे दिसू लागते. हे काम दोन सेकंदांचे आहे, पण फिल्मवर ते कोणालाही, कितीही अनुभवी न्यूरोसर्जनला करता येत नाही.

दुसरे, कापांचे. डोक्याच्या फिल्मवर पाच-पाच मिलिमीटरचे तीसेक काप छापलेले असतात. यंत्राने प्रत्यक्षात मोजलेले पातळ काप दीडशे ते अडीचशे असतात. पोटाचा रंगद्रव्य देऊन तीन टप्प्यांत केलेला स्कॅन असेल तर हजाराच्या पुढे. बरे, काप आडवे. कवटीची किंवा मणक्याची भेग जर त्याच आडव्या पातळीत गेली असेल, तर ती दोन कापांच्या मध्ये हरवते. मानेच्या दुसऱ्या मणक्यावर दातासारखा वर आलेला भाग असतो. त्याच्या बुडाशी गेलेली आडवी भेग आडव्या कापांत निसटते, हे रेडिओलॉजीच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सांगितले जाते. उभ्या कापात तीच भेग समोर येते. उभा काप नव्याने काढण्यासाठी रुग्णाला पुन्हा यंत्रात घालावे लागत नाही. पातळ कापांचा साठा हातात असेल तर सॉफ्टवेअर त्यातून उभा, तिरका, हवा तसा छेद घेऊन दाखवते. तीन मिती म्हणतात त्या मुख्यतः या.

आणि तरीही आपल्याकडे खरा कारभार चालतो तो फिल्मवरही नाही. रात्री अकरा वाजता ग्रामीण रुग्णालयातून नाशिकच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सर्जनला फोन जातो आणि पलीकडून उत्तर येते, ‘व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.’ मग फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलने फोटो काढला जातो. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो साधारण सोळाशे ठिपके रुंद पोचतो. एका फिल्मवर सहा काप एका ओळीत असतील, तर मुळात पाचशे बारा ठिपक्यांचा एक काप अडीचशेच्या आसपास उरतो. चार हजार छटांचा पट्टा आधी एका विंडोत कापला गेला, मग दोनशे छप्पन छटांत आला, मग ट्यूबलाइटच्या चकाकीत निम्मा धुतला गेला. या चिठोऱ्यावर रात्री माणूस हलवायचा की नाही याचा निर्णय होतो. म्हणजे नेटवर प्रतिमा पाहणे शिर्डीच्या पट्ट्यात रोजच चालते. प्रतिवाद्यांचा विरोध फक्त ते नीट करण्याला आहे.

‘तीन मितींचा सोस दिखाऊ आहे’ हा दुसरा आक्षेप. इथे मी अर्धा त्यांच्या बाजूचा. रंगीत, चकचकीत, गोल गोल फिरणारी कवटी यंत्र विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत फार असते. अनुभवी रेडिओलॉजिस्ट निदान करताना तिच्याकडे बघतही नाही, तो काप वाचतो. नातेवाइकांना दाखवून बिल पटवण्यापलीकडे तिचा उपयोग होत नाही, अशा जागाही आहेत. पण चेहऱ्याची हाडे चुरडली आहेत, खुब्याची वाटी तीन तुकड्यांत फुटली आहे, मेंदूच्या धमनीवर फुगा आला आहे, लहान मुलाच्या हृदयाच्या नसा भलतीकडून निघाल्या आहेत. अशा वेळी कुठून शिरायचे हे ठरवणाऱ्या सर्जनला ती फिरती आकृती जे सांगते ते तीस कापांच्या फिल्मला सांगता येत नाही. दिखाऊ वापर होतो म्हणून वस्तूच नको, हा न्याय लावला तर निम्मी शल्यक्रिया बंद करावी लागेल.

या बाबतीत खरी गडबड वेगळीकडे आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. पुष्कळ केंद्रांत पातळ काप यंत्राच्या संगणकावर काही दिवसच राहतात. डिस्क भरली की उडवले जातात, आणि पुढे जातात ते फक्त पाच मिलिमीटरचे जाडे काप. जाड्या कापांतून उभा छेद घेतला तर हाडाची कड जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची दिसते. मग कोणीतरी म्हणतो, बघा, तुमच्या थ्रीडीत काही दिसत नाही! सॉफ्टवेअरला नावे ठेवण्याआधी त्याला काय खायला घातले होते ते विचारावे.

तिसरा आक्षेप नेटचा. हजार कापांचा स्कॅन म्हणजे प्रत्येकी अर्धा एमबी, एकूण पाचशे एमबी. एवढे ओझे आमच्या नेटवरून कसे जाणार? हे गणित बरोबर आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. एक तर, माहितीचा एकही आकडा न गमावता हा साठा साधारण निम्मा होतो. शिवाय तो सगळा एका दमात आणण्याची गरजच नाही. स्कॅन सर्व्हरवर राहतो. डॉक्टर ब्राउझरमध्ये दुवा उघडतो, जो काप बघायचा तेवढाच येतो, पुढचे मागून येत राहतात. अडीचशे केबीचा एक काप वीस एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाच्या दहाव्या भागात पोचतो. चार एमबीपीएसच्या रडतखडत चालणाऱ्या जोडणीवरही अर्ध्या सेकंदात. तीन मितींच्या जड आकृतीसाठी तर आणखी सोपी वाट आहे. छेद घेण्याचे आणि आकृती रंगवण्याचे काम सर्व्हरच करतो आणि समोरच्या पडद्यावर फक्त तयार चित्र पाठवतो. डॉक्टरने बोट फिरवले की नवे चित्र. समोरचा संगणक जुना असला तरी अडत नाही. ज्या तालुक्यात पोरे दुपारभर क्रिकेटचे सामने मोबाइलवर बघतात, तिथे स्कॅन जाणार नाही हे कोणी गंभीरपणे सांगू नये.

आणखी एक. बंगळुरूच्या टेलिरेडिओलॉजी सोल्यूशन्ससारख्या संस्थांत अमेरिकेतल्या रुग्णालयांचे रात्रीचे स्कॅन दोन दशकांहून जास्त काळ वाचले जात आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या कृष्णा डायग्नोस्टिक्सच्या केंद्रात वेगवेगळ्या राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांच्या प्रतिमा वाचल्या जातात. अमेरिकेतला स्कॅन कर्नाटकात येतो, पण राहात्याचा स्कॅन पुण्यात उघडणार नाही?

मोबाइलच्या पडद्यावर निदान करू नये, हे मात्र मान्य. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०११ मध्ये मोबाइलवर स्कॅन पाहण्याच्या पहिल्या अ‍ॅपला परवानगी दिली, तीही नीट कामाचा संगणक जवळ नसेल तेव्हापुरतीच. पहिला रिपोर्ट चांगल्या मॉनिटरवर, अंधाऱ्या खोलीत, रेडिओलॉजिस्टनेच करावा. पण रात्रीच्या फोनवर सल्ला देणाऱ्या सर्जनच्या हातात पूर्ण स्कॅन आणि ट्यूबलाइटचा फोटो यांतले एक द्यायचे असेल, तर वाद कसला?

खर्चाचा आक्षेप सर्वांत मोठ्या आवाजात केला जातो आणि त्यात सर्वांत कमी दम आहे. वैद्यकीय प्रतिमांची देवाणघेवाण करण्याचे सामाईक मानक १९८५ मध्ये आले आणि १९९३ पासून डायकॉम या नावाने जगभर चालते. शिर्डीच्या यंत्रातून निघणारी फाइल आणि टोकियोच्या यंत्रातून निघणारी फाइल एकाच भाषेत असते. भारत सरकारने २०१३ मध्ये आरोग्य नोंदींची मानके जाहीर केली, २०१६ मध्ये सुधारली, त्यांत डायकॉम आहे. आणि या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र दुसरीकडे कुठे नाही, पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. सॉफ्टवेअर म्हणाल तर जिनिव्हाच्या अँत्वान रोसे यांनी २००४ मध्ये ओसिरिक्स फुकट दिले आणि लाखोंच्या वर्कस्टेशनवर होणारे काम साध्या मॅकवर आले. २०११ मध्ये ब्राउझरमध्ये त्रिमित चित्र काढणारे वेबजीएल हे मानक आले आणि हेच काम ब्राउझरच्या आत होऊ लागले. बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात २०१२ मध्ये सेबास्तियाँ जोदोन्य यांनी सुरू केलेला ऑर्थांक हा सर्व्हर मुक्त आहे, ओएचआयएफ हा ब्राउझरमधला व्ह्यूअर मुक्त आहे. परवान्यापोटी एक रुपया न देता एखादे तालुका रुग्णालय आपला साठा उभारू शकते.

फुकट म्हणजे बिनखर्ची, असे मी म्हणत नाही. सर्व्हर लागतो, त्याची दुसरी प्रत लागते, वीज गेली तर बॅटरी लागते, आणि मुख्य म्हणजे माणूस लागतो, जो रात्री दोन वाजता फोन उचलेल. निदानासाठी वापरायच्या सॉफ्टवेअरला वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम लागू होतात, तेही बघावे लागते. एकट्या-दुकट्या केंद्राला हे जड जाईल, खरे आहे. पण हा आक्षेप कोणत्या जिल्ह्यात घेतला जातो आहे ते तरी बघा. शिर्डीपासून वीसेक किलोमीटरवर, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा केला. ज्यांच्यातल्या एकालाही कारखाना परवडला नसता अशा शेतकऱ्यांनी तो मिळून काढला. त्याच लोणीत १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, संगमनेर या पट्ट्यातल्या स्कॅन केंद्रांनी आणि रुग्णालयांनी मिळून एक सामाईक साठा चालवणे, त्याचा खर्च प्रत्येकाने आपल्या स्कॅनच्या संख्येप्रमाणे वाटून घेणे, हे या मातीला नवे आहे का? सहकाराचे राजकारण झाले, कारखाने बुडाले, सगळे ठाऊक आहे. तरी हिशेब तोच आहे. इथे तर ऊसही तोडायचा नाही.

फिल्मचा खर्च मात्र कोणी मोजत नाही, कारण तो रुग्णाच्या बिलात जातो. सीडीचीही तीच गंमत. केंद्रे अजून सीडी देतात, आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. ती सीडी घेऊन दवाखान्यांच्या दारोदार फिरणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. शेवटी ती पाकिटात फिल्मच्या सोबतीला जाऊन बसते.

सुरक्षिततेच्या आक्षेपाला मात्र टाळून चालणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने जगभरातले असे सर्व्हर शोधून काढले, ज्यांवर रुग्णांचे स्कॅन नावागावासकट उघडे पडले होते. पुढच्या वर्षीच्या पाहणीत भारतीय रुग्णांच्या बारा कोटींहून जास्त प्रतिमा अशा उघड्या सापडल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर खंडणीखोरांनी बंद पाडले, तेव्हा देशातले पहिल्या क्रमांकाचे रुग्णालय कित्येक दिवस कागदावर चालत होते. हे सगळे खरे आहे. पण ग्रीनबोनला सापडलेले सर्व्हर फोडलेले नव्हते. त्यांना कुलूपच नव्हते. परवलीचा शब्द न लावता यंत्र थेट इंटरनेटला जोडून दिले होते, बहुधा जोडणाऱ्याला घरी जायची घाई असावी. जुनी डायकॉम जोडणी रुग्णालयाच्या भिंतीआडच्या जाळ्यासाठी बनली होती, ती उघड्यावर आणली हा गुन्हा. नवी वेबची पद्धत कूटबद्ध जोडणीवर चालते, प्रत्येक पाहणाऱ्याची नोंद ठेवू शकते, दुव्याला मुदत घालू शकते आणि चुकीच्या माणसाला गेलेला दुवा मागे घेऊ शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर चार गटांत फिरलेला, कोपऱ्यात रुग्णाचे नाव आणि वय छापलेला फोटो कोण मागे घेणार? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा धाक दाखवणाऱ्यांनी आधी आपल्या फोनची गॅलरी बघावी.

इथवरचे सगळे आक्षेप तोंडाने बोलले जातात. एक आक्षेप बोलला जात नाही, आणि माझ्या मते खरे मूळ त्यातच आहे. पूर्ण स्कॅन बाहेर गेला की दुसरा कोणीतरी तो उघडेल, पातळ कापांतून फिरेल, आणि रिपोर्टमध्ये जे लिहायचे राहिले ते त्याला दिसेल. फिल्मवर फक्त निवडलेले जाते. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. महाराष्ट्रातल्या रेडिओलॉजिस्टांनी प्रतिमेवरची बाहेरची नजर पहिल्यांदा अनुभवली ती संशयाची होती. लक्ष्मीकांत देशमुख कोल्हापूरचे जिल्हाधिकारी असताना गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी तिथल्या सोनोग्राफी यंत्रांना तपासणीची नोंद ठेवणारा ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडला गेला. रेडिओलॉजिस्टांची संघटना त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये हरली. माझ्या मते न्यायालयाचे बरोबर होते, देशमुखांचेही. पण जोडलेले यंत्र म्हणजे पहारा, ही गाठ व्यवसायाच्या मनात तेव्हापासून बसली असेल तर आश्चर्य नाही. ती सोडवायची तर एवढेच सांगावे लागेल, की दुसरी नजर ही रुग्णाची गरज आहे. दिवसाला शंभर स्कॅन वाचणाऱ्या माणसाच्या हातून एखादी बारीक गोष्ट सुटणारच, आणि ती पुढच्या डॉक्टरला सापडली तर एक जीव वाचला, एवढाच तिचा अर्थ.

शिवाय हा स्कॅन केंद्राच्या मर्जीचा विषयच नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत त्याला वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात आणि त्या निदान तीन वर्षे जपाव्या लागतात. त्याआधी, १९९६ मध्ये, रघुनाथ रहेजा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाचा नोंदींवरचा हक्क मान्य केला आहे. आता कोणी म्हणेल, नोंद म्हणजे रिपोर्ट. मग यंत्राने मोजलेले हजार काप काय आहेत? रुग्णाच्या शरीरातून किरणे गेली ती रिपोर्टच्या दोन पानांसाठी नव्हे.

सरकारही यात साळसूद नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आज राज्यभर आहे. तिच्या मंजुरीसाठी रुग्णालये तपासण्यांची चित्रे संगणकावर चढवतातच. अँजिओग्राफी असेल तर त्यातली निवडक स्थिर चित्रे, ज्यांना सगळे ‘स्टिल्स’ म्हणतात, ती पाठवली जातात. अँजिओग्राफी म्हणजे रक्तवाहिनीतून वाहत जाणाऱ्या रंगद्रव्याची चलत्‌चित्रे. त्यातली चार चित्रे रुग्णालयानेच निवडायची आणि त्यावरून सरकारने ठरवायचे की स्टेंट खरोखर लागत होता का! लाखोंच्या दाव्यांची शहानिशा चार फोटोंवर होते, आणि मग योजनेत गैरप्रकार झाल्याच्या बातम्या वाचून आपण चकित होतो. पूर्ण तपासणीचा दुवा मागितला असता तर प्रामाणिक रुग्णालयाचा त्रास वाचला असता आणि अप्रामाणिकाची अडचण झाली असती. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले, आरोग्य-ओळखीचे आभा क्रमांक वाटले गेले. त्या क्रमांकाला रुग्णाचा स्कॅन जोडलेला नसेल, तर शिर्डीहून परतलेल्या परभणीच्या माणसाला तो क्रमांक दाखवून काय मिळणार?

साईबाबा संस्थान २००४ च्या राज्य कायद्याखाली चालते, त्याचा पैसा भक्तांचा आहे आणि त्याची रुग्णालये धर्मादाय आहेत. या जिल्ह्यात पहिले पाऊल टाकायला त्याच्याइतकी योग्य संस्था दुसरी नाही. मागणी मोठी नाही. डिस्चार्जच्या कागदावर एक दुवा छापावा. तो उघडला की पातळ कापांसकट पूर्ण स्कॅन कोणत्याही गावच्या डॉक्टरला ब्राउझरमध्ये दिसावा. रुग्णाच्या मोबाइलवर आलेला अंक टाकल्याशिवाय तो उघडू नये. आणि निविदेत एक अट घालावी, की पुरवठादार बदलला तरी साठा डायकॉममध्येच, संस्थेच्याच ताब्यात राहील. ही शेवटची अट विसरलेली रुग्णालये पुढे दहा वर्षे एकाच कंपनीच्या दारात उभी राहतात. राज्य सरकारने हीच अट फुले योजनेत येणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला घालावी.

तोवर वाचकांनी एक करावे. घरातल्या कोणाचा सीटी किंवा एमआरआय निघेल तेव्हा काउंटरवर फिल्मचे पाकीट घेऊन लगेच बाहेर पडू नका. ‘डायकॉम फाइल द्या, पातळ कापांसकट, पेन ड्राइव्हवर किंवा दुव्यावर’ एवढे वाक्य म्हणा. नाही म्हणाले तर लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि त्यावर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. ७२ तास तिथून मोजायचे.